रायपूर : जपलेल्या ठेव्यांचे शहर

मुंबई-हावडा मार्गावरून जाणाऱ्या मराठी कुटुंबांना रायपूर ठाऊक असते ते एक स्टेशन म्हणून. नागपूर सुटते, गोंदिया आणि डोंगरगड मागे पडते, भिलाईचा पोलाद कारखाना दिसतो आणि थोड्याच वेळात रायपूर येते. कोलकात्याला किंवा जगन्नाथपुरीला निघालेली मंडळी फलाटावर पाय मोकळे करतात, चहा घेतात आणि गाडी हलली की पुन्हा आपापल्या जागी येऊन बसतात. या शहरात उतरावे, दोन-तीन दिवस राहावे, असे फारसे कोणाच्या मनात येत नाही.

वास्तविक नागपूरपासून रायपूर अवघे तीनशे किलोमीटर. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनले. पण त्याच्या कितीतरी आधी, जवळजवळ शंभर वर्षे, या मुलखाचा कारभार नागपूरहून चालत होता. म्हणजे हे शहर आपल्याला परके नाही. फक्त आपण त्याची विचारपूस केलेली नाही!

येथे डोळे दिपवणारा राजवाडा नाही की अभेद्य किल्ला नाही. जे आहे ते विखुरलेले आहे आणि त्यातले बरेचसे कोणी ना कोणी आपल्या पदरचे घालून, आपल्या हाताने जपले म्हणून उरले आहे. मुलांना घेऊन रायपूर पाहायचे तर हे लक्षात ठेवून पाहावे. मग दगडधोंडेही बोलू लागतात.

दीडशे वर्षांचे संग्रहालय

सुरुवात करावी ती महंत घासीदास स्मारक संग्रहालयापासून. शेजारच्या राजनांदगाव संस्थानाचे अधिपती महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये ते उभे केले. त्या काळी संपूर्ण देशात संग्रहालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती आणि ती बहुतेक कलकत्ता-मद्रास-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत. रेल्वेही न पोहोचलेल्या रायपुरात एका छोट्या संस्थानिकाला अशी वास्तू उभारावीशी वाटली, ही साधी गोष्ट नव्हे. राजनांदगावचे हे राजे मूळचे वैष्णव बैरागी, म्हणून नावामागे ‘महंत’.

घासीदासांनी बांधलेली जुनी अष्टकोनी इमारत आजही शहरात उभी आहे आणि तिच्यात महाकोशल कलावीथिका आहे. संग्रह वाढला तशी ती जागा अपुरी पडू लागली. तेव्हा त्याच घराण्यातील राणी ज्योतीदेवी आणि त्यांचे पुत्र राजा दिग्विजयदास यांनी नव्या इमारतीसाठी देणगी दिली. १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आज आपण पाहतो ते हेच संग्रहालय.

आत शिरल्यावर घाई करू नये. कलचुरी राजांच्या काळातील दगडी मूर्ती, ताम्रपट, नाणी, शस्त्रे, आदिवासींचे दागिने आणि वाद्ये असा हा पसारा आहे. त्यातही दोन गोष्टींसमोर आवर्जून थांबावे. पहिली म्हणजे सिरपूरच्या धातुमूर्ती. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या या बौद्ध मूर्ती आकाराने लहान आहेत, पण डोळ्यांत चांदी आणि ओठांवर तांबे जडवण्याची कारागिरी पाहून थक्क व्हायला होते. या गावात सापडलेल्या सगळ्याच मूर्ती मात्र येथे राहिल्या नाहीत. सिरपूरची एक अप्रतिम तारा आज अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे. जे येथे उरले त्याची किंमत त्यावरून कळावी.

लाकडावरची अक्षरे

दुसरी गोष्ट म्हणजे किरारीचा काष्ठस्तंभ. वरवर पाहता हा एक जुना, भेगाळलेला लाकडी खांब. मुले तर पुढेच निघून जातील! पण त्याची हकिगत सांगितली की तीच मुले मागे वळतील.

जुन्या बिलासपूर जिल्ह्यात किरारी नावाचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका कोरड्या वर्षी तेथील हिराबांध तलाव आटला. गाळ काढताना लोकांना हा खांब सापडला आणि त्यावर अक्षरे दिसली. शेकडो वर्षे पाण्याखाली राहिल्यामुळे लाकूड टिकले होते. परंतु बाहेर काढून उन्हात पडताच ते सुकू लागले, तडकू लागले आणि अक्षरांसकट त्याचे कपचे गळून पडू लागले. गावात पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाचे गृहस्थ होते. त्यांना ती प्राचीन लिपी वाचता येत नव्हती. तरीही त्यांनी शहाणपणा केला. दिसतील तशी अक्षरे कागदावर उतरवून घेतली. पुढे विद्वानांनी हा लेख वाचला तो मुख्यतः या नकलेच्या आधारे. मूळ खांबावर तोवर थोडीच अक्षरे शिल्लक होती.

काय होते त्या लेखात? भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, काळ इसवी सनाचे दुसरे शतक, म्हणजे महाराष्ट्रात सातवाहनांचे राज्य होते तो. आणि मजकूर म्हणजे राजदरबारातील अधिकाऱ्यांची यादी! नगराचा रक्षक, सेनापती, हिशेब ठेवणारा गणक, कोठाराचा भांडागारिक, हत्तीस्वार, घोडेस्वार, गाईगुरांवर देखरेख करणारा गोमंडलिक, पत्रे पोहोचवणारा लेखहारक आणि स्वयंपाकघराचा प्रमुख महानसिक. कोठल्याशा मोठ्या यज्ञप्रसंगी हा स्तंभ उभारला असावा, असे अभ्यासक मानतात. आचाऱ्यापासून सेनापतीपर्यंत सगळ्यांना एका खांबावर जागा देणारा असा लेख दुर्मीळच. एका गावातील पंडिताने वेळेवर लेखणी उचलली नसती तर आज आपल्याला केवळ एक ओंडका पाहायला मिळाला असता.

संग्रहालय पाहून दमल्यावर लांब जायला नको. त्याच आवारात ‘गढ कलेवा’ हे छत्तीसगडी खाद्यपदार्थांचे उपाहारगृह २०१६ मध्ये सुरू झाले. चीला म्हणजे आपल्या घावनाचा भाऊ, फरा म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवलेली लांबट वळकटी आणि ठेठरी-खुर्मी ही तिखट-गोड जोडी. बसायला कलाकुसरीची बाके, आजूबाजूला झाडी. लहान मुलांचे आणि त्यांच्या आजी-आजोबांचे एकाच वेळी समाधान करणाऱ्या जागा थोड्या असतात, त्यातली ही एक.

भोसल्यांच्या खुणा

१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी रतनपूरच्या कलचुरी राजावर स्वारी केली. पुढे काही वर्षांत रायपूरची शाखाही भोसल्यांच्या अमलाखाली आली. पहिल्या रघुजींचे पुत्र बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहून कारभार पाहत होते. त्यांनी तेथील टेकडीवर राममंदिर बांधले. नागपूरच्या माणसाला तिथे रामटेकची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. या टेकडीचे नावही रामटेकरीच आहे! दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची चाल या भागात बिंबाजींनीच आणली, असे सांगतात.

रायपूर शहरात या काळाची खूण पाहायची तर मठपारा भागातील दूधाधारी मठात जावे. येथील महंत बलभद्रदास फक्त दुधावर राहत, म्हणून मठाला हे नाव पडले. मठाची स्थापना सतराव्या शतकातील मानली जाते. मंदिराच्या भिंतींवर भोसलेकाळातील रंगीत चित्रे आहेत. रामकथेतील प्रसंग पाहताना पागोटी, अंगरखे, रंगांची ठेवण यांत काही ओळखीचे सापडते का, याचा शोध मुलांनी घ्यावा. ही चित्रे नाजूक आहेत, त्यांना हात लावू नये आणि फोटो घेण्यापूर्वी मठातील मंडळींची परवानगी घ्यावी. या मठाचे दान केवळ धर्मकार्यापुरते राहिले नाही, हेही सांगण्यासारखे. महंत वैष्णवदासांच्या देणगीतून शहरात मुलींचे महाविद्यालय उभे राहिले आणि मठाचे नाव ते आजही चालवते.

मात्र भोसलेकाळाची दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नये. बिंबाजींच्या मृत्यूनंतर येथे राजपुत्र राहिला नाही, सुभेदार आले. बहुतेकांचे लक्ष एकाच गोष्टीवर होते, महसूल गोळा करून नागपूरला धाडण्यावर. रयतेला त्याचा जाच झाला. मराठ्यांचे राज्य म्हटले की आपली छाती फुगते, पण छत्तीसगडच्या शेतकऱ्याच्या आठवणीत त्या राज्याचे चित्र वेगळे आहे. ज्या घरी पाहुणे म्हणून जायचे त्या घरची बाजूही ठाऊक असावी. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि या शहराचे नशीब पालटले. मधल्या काळात सत्ता पुन्हा भोसल्यांकडे आली, पण १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्यासोबत छत्तीसगडही इंग्रजांकडे गेले.

बुढापारा : एक मुलगा, एक संपादक

जुन्या वस्तीत बुढा तलाव आहे. आता त्याला विवेकानंद सरोवर म्हणतात. मधल्या बागेत स्वामींचा भव्य बैठा पुतळा आहे आणि संध्याकाळी काठावर कुटुंबांची गर्दी होते. हे नाव देण्याला कारण आहे. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त आईबरोबर रायपुरात आला. वडील विश्वनाथबाबू वकिलीच्या कामानिमित्त आधीच आले होते. रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती. त्यामुळे शेवटचा मोठा पल्ला बैलगाडीने, घनदाट जंगलातून पार करावा लागला. त्या वाटेवर डोंगराच्या कपारीत एक प्रचंड मधाचे पोळे पाहून मुलाचे भान हरपले, ही आठवण त्यांच्या चरित्रांतून आली आहे. रायपुरात तेव्हा नरेंद्राच्या योग्य शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी घरीच शिकवले. घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चा त्याने ऐकल्या, वादही घातले. दोन वर्षांनी कुटुंब कलकत्त्याला परतले. बुढापाऱ्यातील ज्या घराशी ही आठवण जोडलेली आहे त्याला डे भवन म्हणतात. अनेक भाषांचे पंडित हरिनाथ डे हेही याच कुटुंबातले.

बुढापाऱ्यातच माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. मराठी वाचकाने या पाटीसमोर क्षणभर उभे राहायला हवे. १८७१ मध्ये जन्मलेले सप्रे मराठी घरातले, पण त्यांनी आयुष्य वाहिले हिंदीला. १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. त्यातील ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची छोटीशी कथा अनेक समीक्षक हिंदीतील पहिली कथा मानतात. एका गरीब विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची ती गोष्ट आहे. टिळकांच्या ‘केसरी’चा विचार हिंदी भाषकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली.

घरच्यांच्या दडपणामुळे त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. पण ही सही त्यांना आयुष्यभर सलत राहिली. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मधुकरी मागून दिवस काढले आणि ‘दासबोधा’चा अभ्यास केला. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदी वाचकांच्या हाती पडले ते या सप्रे यांच्यामुळेच. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. आपल्याकडे त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

जयस्तंभ चौक

शहराच्या मध्यभागी जयस्तंभ चौकात रिक्षा, मोटारी, दुकाने यांची एकच गर्दी असते. या गर्दीत एका माणसाचे नाव छत्तीसगडचा प्रत्येक शाळकरी मुलगा सांगू शकतो, ते म्हणजे वीर नारायणसिंह. सोनाखानचे हे बिंझवार आदिवासी जमीनदार. १८५६ मध्ये दुष्काळ पडला, लोक अन्नान्न करू लागले आणि माखन नावाच्या व्यापाऱ्याचे कोठार मात्र धान्याने भरलेले होते. नारायणसिंहांनी ते उघडून धान्य उपाशी लोकांत वाटले. चोरून नव्हे, सरकारला तसे कळवून. त्याबद्दल त्यांना कैद झाली. १८५७ च्या उठावात ते तुरुंगातून निसटले आणि लढले. पुढे पुन्हा पकडले गेले. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना मृत्युदंड देण्यात आला. ती जागा हाच चौक, असे रायपूरकर मानतात.

त्यांची आणि इतर आदिवासी वीरांची कहाणी सविस्तर पाहायची असेल तर नवा रायपूरला जावे. तेथे शहीद वीर नारायणसिंह स्मारक आणि आदिवासी स्वातंत्र्यसैनिक संग्रहालय १ नोव्हेंबर २०२५ रोजी, राज्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, खुले झाले. शालेय पुस्तकांत एका ओळीत उरकलेली आदिवासींची बंडे येथे प्रसंगांच्या रूपाने समोर उभी राहतात.

नवा रायपूरच्याच वाटेवर पुरखौती मुक्तांगण आहे. ‘पुरखौती’ म्हणजे पूर्वजांपासून चालत आलेले. २००६ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. विस्तीर्ण आवारात आदिवासी घरे, देवस्थाने, नृत्य करणारे पुतळे, बस्तरच्या प्रसिद्ध ठिकाणांच्या प्रतिकृती आहेत. येथे मुलांना ‘हात लावू नका’ असे पदोपदी सांगावे लागत नाही, ती धावू शकतात. शक्यतो सकाळी लवकर किंवा चारनंतर जावे, भर दुपारी सावली शोधावी लागते.

राणी वासटेचे देऊळ

एक पूर्ण दिवस सिरपूरसाठी राखून ठेवावा. रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, महानदीच्या काठी हे छोटे गाव आहे. दक्षिण कोसलाची ही जुनी राजधानी, तेव्हाचे श्रीपूर. येथील लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातील आणि संपूर्ण विटांचे आहे. दगडी देवळे पाहायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना विटेवर केलेले इतके बारीक काम पाहून नवल वाटते. हे मूळचे विष्णूचे देऊळ. राणी वासटा हिने दिवंगत पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते बांधले, त्या वेळी तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन राज्य करत होता. पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेल्या ताजमहालाच्या सुमारे हजार वर्षे आधी एका पत्नीने पतीसाठी हे स्मारक उभारले! ही माहिती देणारा शिलालेख रायपूरच्या संग्रहालयात आहे. म्हणून आधी संग्रहालय पाहावे, मग सिरपूर.

१९५३ ते १९५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने येथे उत्खनन केले आणि भिक्षू आनंदप्रभ याने बांधलेला बौद्ध विहार उजेडात आणला. प्रवेशद्वाराशी उभे राहून आतील भव्य बुद्धमूर्ती पाहावी. पुढील काळात झालेल्या उत्खननांत आणखी विहार, शिवमंदिरे, बाजारपेठेचे अवशेष सापडले. विष्णू, शिव, बुद्ध आणि जिन यांची स्थाने एकाच गावात, हाकेच्या अंतरावर नांदत होती, हे मुलांना चालता चालता दाखवता येते.

परतीच्या प्रवासात नागपूरकडे येताना राजनांदगावला थोडा वेळ उतरता आले तर उत्तम. ज्या घराण्याने रायपूरला संग्रहालय दिले त्यानेच आपला राजवाडाही महाविद्यालयाला दिला. त्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. हिंदीतील हे मोठे कवी मराठी घरातले, मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे थोरले बंधू. तलावाकाठी त्यांच्या स्मृती जपणारे दालन आहे.

जाण्यापूर्वी

कसे जावे : मुंबई-हावडा मार्गावरील बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्या रायपूरला थांबतात. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस आहे. नागपूरहून साधारण पाच तासांचा प्रवास. विमानतळाचे नाव स्वामी विवेकानंद विमानतळ.

केव्हा जावे : ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत येथील ऊन विदर्भाच्या उन्हाला हार जात नाही, तेव्हा उन्हाळ्याची सुटी टाळून दिवाळीची किंवा नाताळची सुटी धरावी.

कसे पाहावे : पहिला दिवस संग्रहालय, बुढापारा आणि दूधाधारी मठ. दुसरा दिवस सिरपूर. तिसरा दिवस पुरखौती मुक्तांगण आणि नवा रायपूरचे आदिवासी संग्रहालय. संग्रहालये साधारणपणे सोमवारी आणि सरकारी सुटीच्या दिवशी बंद असतात, त्यामुळे वार पाहूनच तिकिटे काढावीत. सिरपूरला खाण्याची सोय मोजकी आहे, डबा आणि पाणी सोबत असावे.

मुलांसाठी : प्रत्येकाजवळ एक छोटी वही द्यावी. जे आवडेल ते मोबाइलमध्ये टिपण्याआधी वहीत उतरवायला सांगावे, मग ते चित्र असो, नाव असो की न समजलेले अक्षर. किरारीच्या पंडितजींनाही अक्षरे कुठे समजली होती!